पितळेचे बुश

इंद्रभानचा रबरावर फार जीव. मंगरूळपीरला स्टँडमागे त्याचं गॅरेज होतं. कुठलीही खडखडणारी गाडी आली की तो आधी तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली मान घालायचा आणि आत पितळेचे बुश दिसले की नाक मुरडायचा. पाट्याचा लोखंडी खिळा ज्या नळीत फिरतो ती नळी म्हणजे बुश. वस्तू बोटाएवढी, पण रस्त्याचा मार माणसाच्या अंगापर्यंत पोचू द्यायचा की वाटेतच गिळायचा, हे तीच ठरवते. पितळ मार जसाच्या तसा पोचवतं, रबर गिळून टाकतं. मग शहाण्या माणसानं पितळ घालावंच कशाला, असा त्याचा रोकडा सवाल असे.

चौऱ्याहत्तर साली किन्हीराजाच्या सोजरबाईंनी त्याला बोलावून घेतलं. गोठ्याशेजारी पत्र्याखाली अडतीस सालची मोटार उभी होती. त्यांचे यजमान उदयसिंग काकाजी यांनी ती आयुष्यभर स्वतः चालवली, कधी ड्रायव्हर ठेवला नाही. पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, आणि गाडी थांबली तसा माणूसही थांबला. उंबऱ्यापर्यंत जायचं तरी कोणाचा खांदा लागे, अंगणात उतरायचं तर नावच नको. हळूहळू बोलणंही आटलं. दिवसभर बाजेवर पडून राहायचे. गाडी सुरू झाली तर माणूस उठेल, एवढी एकच आशा बाईंना उरली होती.

"पोटातलं पाणी हालू नये, अशी करून दे बाबू," त्या म्हणाल्या. "थकलेलं हाड आहे त्यायचं."

इंद्रभानला हेच हवं होतं. गाडी खोलली तर जुने बुश पितळेचेच, झिजलेले, पण गंजाचा मागमूस नाही. त्याला नवल वाटलं. मग कळलं की या घरात पोळ्याला बैलबंडीच्या कण्याला वंगण देताना मोटारीलाही देतात, उभ्या गाडीलासुद्धा. त्यानं बाईंचं कौतुक केलं आणि लगेच बजावलं, की आता रबर बसवतो आहे, रबराला तेलाचं वावडं, थेंबही घालायचा नाही. बाईंनी मान डोलावली. अकोल्याहून रबरी बुश आले, बसले, आणि भर उन्हाळ्यात काकाजींना शेजारी बसवून इंद्रभाननं गाडी जऊळक्याच्या रस्त्याला लावली.

गाडी अशी चालली की जणू खाली लोणी पसरलं आहे. इंद्रभान शाबासकीची वाट पाहत होता. काकाजी मात्र सीट घट्ट धरून बसले होते. अर्धा रस्ता सरल्यावर त्यांनी विचारलं, "निंगालो का आपुन?"

इंद्रभाननं कुठवर आलो ते सांगितलं. काकाजींचा चेहरा आणखीच उतरला आणि त्यांनी गाडी घराकडे वळवायला लावली. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि ताटावर बसले नाहीत. मागच्या सीटवरून सगळं पाहिलेल्या सोजरबाईंनी ते ताट तसंच झाकून ठेवलं.

मग पोळा आला. बैल धुतले, बंड्यांना वंगण झालं. बाईंना ताकीद आठवत होती, पण सणाच्या दिवशी मोटार कोरडी ठेवायची म्हणजे एका बैलाला पुरणाच्या घासाविना गोठ्यात धाडण्यासारखं. त्यांचं मन धजेना. थोडंसंच, म्हणत त्यांनी इंजिनाचं काळं तेल प्रत्येक सांध्यात सोडलं. काही आठवड्यांत रबर भिजलेल्या भाकरीसारखं फुगलं आणि गाडी एका अंगाला कलली.

इंद्रभाननं कपाळाला हात लावला. अकोल्यात त्या मापाचे बुश संपले होते. ते येईपर्यंत त्यानं लेथवर पितळेचेच कातून बसवले आणि काकाजींना यात बसवू नका असं सांगितलं. बाई ऐकेनात. आता बिघडायचं काय उरलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

काकाजी शेजारी बसले, बाई मागे. गाव सुटलं आणि दगड न् दगड ठणकू लागला. इंद्रभान शरमून माफी मागणार, तोच शेजारून आवाज आला.

"पांदन गेली."

शेतांकडे जाणारी पांदण खरंच मागे पडली होती. अंदाज असेल, असं त्याला वाटलं.

"आता मोरी. डाव्या आंगाले खचेल आहे, हळू घे."

मोरी आली आणि डावं चाक धपकन खाली बसलं. पुढे काकाजींनी जगदेवचं वावर सांगितलं, मुरूम संपून काळी माती लागली तेही सांगितलं. त्यांची पाठ ताठ झाली होती, तळहात दारावर पालथा टेकला होता. इंद्रभाननं गाडी आणखी हळू घेतली. याच रस्त्यानं तो उघड्या डोळ्यांनी कितीदा गेला होता, पण एवढं त्याला कधी दिसलं नव्हतं. ज्या पितळेला तो हसत आला, ते या माणसाच्या हाती खडा न् खडा देत होतं. आणि आपण रबर घालून त्याचा रस्ताच काढून घेतला होता. हातात स्टेअरिंग नसतं तर त्यानं हात जोडले असते.

"थांबव," काकाजी म्हणाले.

दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, दुसरं काही नाही. काकाजी स्वतः दार उघडून उतरले. खांदा द्यायला बाई पुढे झाल्या, तर इंद्रभाननं त्यांना हातानंच थांबवलं. म्हातारा गवतात शिरला, थोडा चालला, वाकला. तिथे गुरांच्या पाण्याची दगडी डोणी होती, पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. काकाजींनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"इथं पानी पाजा लागते गाडीले," ते म्हणाले. "डबा आन."

सोजरबाईंनी गाडीतला डबा नेऊन दिला आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "हात धरू का?"

"कायले?" काकाजी म्हणाले. "मले ठावूक आहे गाडी कोठी उभी आहे ते."

भरलेला डबा घेऊन ते एकटेच गाडीकडे चालू लागले. बाई पदर तोंडाशी धरून डोणीपाशीच उभ्या राहिल्या, आणि इंद्रभाननं पटकन उतरून रेडिएटरवरचं बॉनेट उघडून ठेवलं.