तळघरातली दाद

तिने टेपांचं खोकं पायानेच भंगाराच्या ढिगाकडे सरकवलं.

"अगं, पायाने काय!" जिना उतरता उतरता ड्रमवाले काका ओरडले. एका हातात काठी, दुसऱ्याने भिंत धरलेली. साठच्या दशकात याच तळघरातल्या क्लबात तिची आई रोज संध्याकाळी गायची आणि हे मागे बसून ड्रम वाजवायचे. आई जाऊन महिना झाला होता. घरमालकाला जागा रिकामी हवी होती आणि भंगारवाला वर गाडी लावून बसला होता.

"ठेवून करू काय, काका? मी सगळ्या ऐकल्यात. एका गाण्याला एक टाळी नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे गात होती बिचारी, आणि मला सांगायची, क्लब गच्च भरायचा म्हणून." तिने फडक्याने खोक्यावरची धूळ झटकली. "शेवटच्या दुखण्यात मी हे तिच्या तोंडावर बोलले. माझ्या जिभेला काही हाड?"

"मग? काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, औषध दे."

खोक्यातली वरचीच टेप काकांनी जुन्या यंत्रावर चढवली. आईचा आवाज आला. तरुण, जरासा घोगरा. ती जिन्याच्या पायरीवर बसली. गाणं संपलं आणि मागोमाग नेहमीची ती मेली शांतता. नुसती खरखर.

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि डोक्यावर धरून हलवला.

"हे काय?"

"दाद. इथे अशीच द्यायचे." त्यांनी काठीने मागच्या लाकडी भिंतीकडे दाखवलं. "त्या फळ्यांमागे तुझा पाळणा होता. पहिल्या टाळ्यांना तू दचकून उठलीस ती रडून आकाशपाताळ एक केलंस. आईला गाणं अर्ध्यावर सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिने दारातच सांगितलं, टाळ्या नकोत, रुमाल हलवा. उभं राहायला जागा नसायची, पोरी, आणि सगळे रुमाल वर! रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी टेप ऐकली आणि म्हणाले, बाईंना ऐकायला कुणी येत नाही वाटतं. आम्ही समजावायला गेलो, तर त्यांनी हसण्यावारी नेलं. तिची रेकॉर्ड राहिली ती राहिलीच."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"कसं सांगणार? माझ्यापायी गेलं सगळं, असं वाटलं असतं तुला."

ती पदर नसलेल्या खांद्याशी उगाच चाचपडली, डोळे पुसायला काही मिळेना. तेवढ्यात दुसरं गाणंही संपलं. हातात धूळ पुसायचं फडकं होतं. तेच तिने वर धरलं आणि हलवलं, हात भरून येईपर्यंत हलवलं. सगळी धूळ तिच्याच केसांत पडली.

तिसरं गाणं सुरू झालं.

"ताई, येऊ का खाली माल न्यायला?" वरून भंगारवाल्याने हाळी दिली.

"हळू बोला हो, दादा," ती म्हणाली. "गाणं चालू आहे."