हवेतले अकरा तास

मी विमानाची तिकिटं विकतो. ताई राहते ते शहर इथून साडेआठ हजार किलोमीटरवर. किती वेळ लागतो असं कुणी विचारलं की माझं उत्तर जिभेवर तयार: अकरा तास. दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवलंय. खोटं नाही ते, हवेतले अकराच. मधल्या शहरात विमान बदलायला नऊ तास ताटकळायचं, दोन्हीकडचे विमानतळ, रांगा, सामान, हे मी आपणहून सांगत नाही. सगळं धरून सव्वीस होतात, आणि सव्वीस ऐकलं की गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जातं.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन आज सकाळी दहाला होतं. काल संध्याकाळी सहाला ताईचा फोन आला, "घरातून निघाले." आईने बोटांवर तास मोजले. पहाटे पाचपासून तिची नजर हॉस्पिटलच्या खोलीच्या दारावर. मला तर बसवेचना. जिन्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. समोरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "ऑपरेशन तुमचं आहे का?"

"साडेनऊ झाले," आई म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हाही असंच. संध्याकाळपर्यंत थांबलो आपण. आली दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर."

सात वर्षं आई ताईशी कामापुरतंच बोलते, आणि सात वर्षं मी मूग गिळून बसलोय. कारण तेव्हा "अकरा तासांत येईल" हे आईला मीच सांगितलं होतं, सवयीने. नंतर कबूल करायची लाज वाटली, मग फार उशीर झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

नर्स आईला टोपी घालायला आली. आई म्हणाली, "माझं काही झालं तर तिच्यासाठी थांबू नका."

मला राहवलं नाही. "आई, ती पोचूच शकत नाही. रात्रीचे आठ वाजतील. सव्वीस तास लागतात. अकरा हा माझा दुकानातला आकडा. बाबांच्या वेळीही ती धावतच आली होती गं."

आईने हात पुढे केला. "फोन लाव."

ताई दुसऱ्या विमानाच्या रांगेत होती. "सावकाश ये गं," आई म्हणाली. "एवढं लांब आहे, मला आज कळलं." पुढे दोघी नुसत्या रडल्या.

नर्सने फोन माझ्या हातात दिला, स्ट्रेचर हललं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईच्या वाट्याचा अबोला आता माझ्याकडे आला होता. तो सोडायला तरी आई ऑपरेशनमधून परत यायला हवी होती.

मी ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टरांना गाठलं. "किती वेळ लागेल?"

"तीन तास."

"नुसत्या ऑपरेशनचे, की सगळं धरून?"

डॉक्टर हसले, माझ्या खांद्यावर थोपटून आत गेले. गिऱ्हाइकाने असं खोदून विचारलं की मीही असाच हसतो.