बोटांनी बघायची चिकटवही

भाग्यश्रीचं लग्न दोन हजार दोन साली झालं, तेव्हा तिच्या आईची, ताईबाईची, नजर काचबिंदूनं पुरती गेली होती. फोटो आले तसं निम्मं मांडवगण गाव येऊन बघून गेलं. ताईबाई मात्र अल्बम मांडीवर घेऊन गुळगुळीत प्लॅस्टिकवर नुसता हात फिरवत बसली. ते भाग्यश्रीच्या जिवाला लागलं.

सणसवाडीला, कंपनीजवळच्या खोलीवर परतल्यावर तिनं जाड पुठ्ठ्याची चिकटवही आणली. स्वतःच्या फोटोभोवती लग्नाच्या पांढऱ्या ब्लाउजचा उरलेला जरीकाठ शिवला. वडिलांच्या फोटोखाली त्यांच्या जुन्या सदऱ्याची बटणं लावली. मांडवाच्या फोटोवर डिंकात मोहरी बसवून तोरण काढलं. महिनाभर कंपनीतून आली की तिचा हाच उद्योग.

माहेरी येताच तिनं वही आईच्या हातात दिली. ताईबाईची बोटं जरीवर थांबली.

"ही तुझी जर. म्हंजी तूच हायेस हितं," ती म्हणाली. बटणं लागताच हसली. "आन् हे तुझं आबा." मग हळूच विचारलं, "मी कुठं हाय गं?"

भाग्यश्रीनं पुढचं पान उघडलं. आईच्या फोटोच्या कडेनं तिनं गोधडीसारखा धावदोरा घातला होता. ताईबाईनं तो चारी बाजूंनी चाचपला. डोळे भरून आले, तरी म्हणाली, "टाकं लई लांब पडल्यात, पोरी. सुई आण, आन् दोरा तेवढा ओवून दे."

त्या दुपारी ताईबाईनं आपल्या पानाच्या कडेचा धावदोरा पुन्हा घातला, आणि भाग्यश्री तिच्या पुढ्यात बसून आधीचा एकेक टाका उसवून देत राहिली.