अर्ध्यात थांबलेले हात

शिडी खांबाला टेकवून सेवादासनं तिचे पाय तिसऱ्यांदा हलवून पाहिले. शिडी पक्की होती. त्यानं कमरेचा पट्टा सोडला, पुन्हा आवळला. तारेचं वेटोळं खांद्यावर नीट केलं. आता तपासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या ओट्यावरून कोकिळाबाई आणि त्यांची सून निकिता त्याच्याकडे बघत होत्या.

"काई अडलं का भाऊ?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"नाई काकू. वारा हाय जरासा," तो म्हणाला. बोरी अरबच्या त्या गल्लीत भर दुपारी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

सेवादास राठोडची वीस वर्षं खांबांवर गेली होती. आधी टीव्हीच्या केबलसाठी, नंतर इंटरनेटसाठी. दारव्ह्याजवळच्या तांड्यात तो राहत असे. तिथे कुणाच्या घरावरची डिश फिरली, झाडात पतंग अडकला, की हाक त्यालाच यायची. उंचीचं भय म्हणजे काय, हे त्याला शेहेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी ते कळलं. दिग्रसला काम होतं. वर खांबावर घनश्याम होता, बारा वर्षांपासूनचा त्याचा जोडीदार. खाली उभा राहून सेवादास तार सोडत होता. इंटरनेटच्या तारेच्या पोटात केसाएवढी काच असते आणि काचेतून वीज जात नाही. पण ताण सोसावा म्हणून तिच्या सोबतीला पोलादी तार दिलेली असते. ती तार सेवादासच्या हातून निसटली, झोका घेऊन वरच्या चालू लाइनला लागली. घनश्याम ओरडलाही नाही. भरलेलं पोतं पडावं तसा पडला. जीव वाचला, पण कमरेखाली अंग हलेना. दोष कुणीच सेवादासला दिला नाही. घनश्यामनंही नाही. तरी दवाखान्यातून तो घरी गेल्यावर सेवादास त्याला भेटायला एकदाही गेला नव्हता.

तेव्हापासून खांबाजवळ गेलं की त्याच्या तोंडाला कोरड पडायची. कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. हे त्यानं बायकोला, जमनीलासुद्धा सांगितलं नव्हतं. कधी तार गच्च्यांवरून फिरवून न्यायची, कधी लांब बांबूच्या आकड्यानं वर टाकायची, कधी पाठ धरली म्हणून काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, असे चार महिने ढकलले होते. पण आठवड्यापूर्वी मालक भारतभाऊंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की लोहाऱ्याच्या कारखान्यांचं मोठं काम मिळालंय आणि चढणारी माणसंच ठेवायची आहेत. बोलताना ते सेवादासकडे बघत होते, असं त्याला वाटलं. बघत नसतीलही.

आणि या घराला गच्चीवरून वाट नव्हती. मध्ये रस्ता होता, पलीकडे टिनाची घरं. तार खांबावरूनच आणावी लागणार होती.

सकाळी आल्या आल्या कोकिळाबाईंनी सगळं सांगून टाकलं होतं. निकिताला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मुलाला, अमरलाही नाही. दोघांची गाठ यवतमाळच्या मूकबधिरांच्या शाळेत पडली आणि पुढे लग्न झालं. दोन महिन्यांपासून अमर नाशिकला एका कारखान्यात पॅकिंगला होता. त्यांचं बोलणं हातांचं, म्हणजे फोनवर चित्र लागणारच. आणि घरात मोबाइलची रेंज कधी एक दांडी, कधी तीही नाही.

"मेसेजात लेहतात दोघं," कोकिळाबाई म्हणाल्या होत्या, "पण लेहून का मन भरते? परवा तो काई सांगून राह्यला होता, अन् हात अर्ध्यातच थांबले. चित्रच अटकलं. मंग फोन बंद. हिले वाटलं, तो 'मी वापस येत नाई' म्हनते. दोन दिवस जेवली नाई पोरगी."

आता निकिता ओट्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत होती. सेवादासनं शिडीवर पाय ठेवला.

चार पायऱ्या झाल्या. सहा झाल्या. आठव्या पायरीवर त्याची नजर वर गेली आणि चकचकत्या तारांना भिडली. कानातला भुंगा सुरू झाला. पुढचा हात वर जायला हवा होता, तो जाईना. खाली उतरावं म्हटलं तर पाय सुटेना. पोटऱ्या थडथडू लागल्या, त्यांच्याबरोबर शिडीही. खांद्यावरची तार आता घसरेल, झोका घेईल, असं त्याला दिसायला लागलं. खाली रस्त्यात कोण उभं आहे, हे बघायचीही छाती होईना. त्यानं खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. मग लोखंडातून एक ठोका त्याच्या गालापर्यंत आला. पुन्हा एक. सावकाश, एकसारखे.

त्यानं डोळे उघडले. खाली निकिता उभी होती. एका हातानं तिनं शिडी घट्ट धरली होती, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं खांबावर थाप मारत होती. त्यानं बघितल्याबरोबर तिनं थापा थांबवल्या. हात स्वतःच्या छातीवर ठेवला, बोटं भराभरा थरथरवली आणि भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

कोकिळाबाईंना त्यानं वाऱ्याचं सांगितलं होतं. हिला काय सांगणार? ती शब्द ऐकतच नव्हती. त्याचे गुडघे बघत होती.

सेवादासनं मान हलवली. हो.

तिनं तळहात हळूहळू खाली आणला. तो एक पायरी उतरला. तिनं पुन्हा तसंच केलं, तो आणखी एक उतरला. जमिनीला पाय लागले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तो तिथेच खांबाच्या बुडाशी बसला. कोकिळाबाईंनी पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन त्यानं भारतभाऊंना फोन लावला. पाठ धरली, हे वाक्य ओठांवर तयार होतं.

"भाऊ, माह्याच्यानं पोलवर चढनं होत नाई," तो म्हणाला. "भेव वाटते मले. घनश्याम पडला तवापासून."



"मले वाटलंच होतं," भारतभाऊ म्हणाले. "देवीलालले पाठवतो. अन् तू सोमवारपासून ऑफिसात बस. लोकायचे फोन घेजो. पोलचं काम आता तुयाकडे नाई."

"हो," सेवादास म्हणाला.

पाऊण तासानं देवीलाल आला. पंचविशीचा, हसतमुख गडी. तो वर जाऊन तार ओढून खाली येईपर्यंत सेवादासनं शिडी सोडली नाही.

आतलं काम मात्र त्याचंच होतं. तारेचं टोक सोलून, पुसून, त्यानं ते मशीनमध्ये वितळवून जोडलं. कोकिळाबाईंना राउटर कपाटात, कुलपात हवा होता. भिंती आणि लोखंड त्याचा जोर खातात, हे त्यांना पटवून सेवादासनं तो मधल्या खोलीत उंचावर बसवला. मग फोन कुठे ठेवायचा ते बघितलं. खिडकीचा उजेड समोरून यावा, म्हणजे हात स्वच्छ दिसतील. निकिताला त्यानं खुणेनंच समजावलं. हिरवा दिवा असला की ठीक. लाल लागला की तारेतून उजेड पोचत नाही, तेव्हा मला मेसेज कर. इतर गिऱ्हाइकांना हे चारदा सांगावं लागे. तिला एकदाच पुरलं.

लाल दिवा लुकलुकला, विझला, आणि हिरवा स्थिर झाला.

निकितानं फोन लावला आणि पडद्यावर अमरचा चेहरा दिसला. त्याचे हात चालू लागले आणि कुठेही अडकले नाहीत. निकिता आधी नुसती बघत राहिली. मग तिचे हात सुटले ते इतके भराभर, इतके रागानं, की कोकिळाबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

सेवादास बाहेर येऊन ओट्यावर बसला. बूट चढवले, पण नाडी बांधता येईना. बोटं अजून थरथरत होती. देवीलाल गाडी सुरू करून त्याच्याकडेच बघत होता.

"थांब जरा," सेवादास म्हणाला. "हात कापून राह्यले."

देवीलालनं गाडी बंद केली. सेवादासनं दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले आणि ते थांबण्याची वाट बघत बसून राहिला.