ग्वारीघाटावरून परतलेला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे आणि सध्या मी जबलपूरच्या एका पोलीस ठाण्यात मोहरबंद पाकिटात पडून आहे. मित्रांनो, मी येथे कसा आलो ते सांगतो.

माझे भाग कोणत्या कारखान्यात जुळले ते मला आठवत नाही. बडा फुहारा बाजारातल्या दुकानातून राखीने पहिल्या पगारात मला घेतले, तोच मी माझा जन्म मानतो. ती विजय नगरातल्या विमा कचेरीत नोकरी करीत असे. तिची आई पार्वताबाई माझ्यावर नागपूरच्या बहिणीचे तोंड पाहत आणि मला पदराने पुसत म्हणत, "मोठा गुणाचा आहे बाई हा, नागपूर घरात आणून बसवतो."

पुढे अश्वजीतशी राखीचा साखरपुडा झाला. त्याचा मोबाइल आणि मी दिवसभर बोलत असू. त्याने फार विनवले, म्हणून तिने केवळ त्याच्यासाठी काही खासगी छायाचित्रे माझ्याकडून पाठवली. लग्नानंतर नोकरी सोडायला राखीने नकार दिला आणि ठरलेले लग्न मोडले. त्यानंतर एका सकाळी, ज्या नातेवाइकांच्या गटात साखरपुड्याच्या शुभेच्छा आल्या होत्या, त्याच गटात ती छायाचित्रे आली. पाठवणारा अश्वजीत होता. काहींनी ती पुढेही पाठवली.

पहिला फोन नागपूरच्या मावशीचा आला. "काहून काढले तू असे फोटो?"

"विश्वासाने काढले, मावशी. सगळ्यांना पाठवले त्यानं. त्याला विचारलं का तुम्ही?"

मावशीने फोन ठेवला.

मग राखीने कचेरीतल्या पूर्णिमादीदीला सारे सांगितले. दीदी म्हणाली, "रडून घे, पण काही पुसू नको. त्याचा नंबर, तारीख, मेसेज, सगळ्यांचे स्क्रीनशॉट ठेव. ॲपवर रिपोर्ट कर. मी आत्ता येऊन राहिली, ठाण्यात सोबत जाऊ."

राखीने दीदीच्या सांगण्याप्रमाणे केले आणि ती तोंड धुवायला गेली. तेवढ्यात पार्वताबाईंनी मला झेंडूच्या फुलांसह पिशवीत घातले आणि ऑटोने ग्वारीघाट गाठला. शेजारणी भंगलेल्या मूर्ती तिथे नर्मदेत सोडत. तशीच ही बदनामीही बुडेल, असे त्या भोळ्या माउलीला वाटले. ज्या हातांनी मला पुसले, तेच मला पाण्यावर धरून होते.

शेजारणीने सांगितल्यामुळे राखी मागोमाग धावत आली. तिने आईचे मनगट धरले.

"आई, हा बुडेल, फोटो नाही बुडणार. ते त्याच्याजवळ आहेत."

"मग मी काय करू वं?"

"माझ्यासंग चाल. त्यानं केलं ते यातच दिसते. हा गेला तर तो म्हणेल, मी नाही पाठवले."

पार्वताबाईंनी फुले तेवढी पाण्यात सोडली.

पूर्णिमादीदीही सोबत आली. ठाण्यातल्या महिला अधिकाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हटले, "गुनाह तुमने नहीं किया, बेटा. फैलाया उसने है." तक्रार नोंदली गेली. गटातून छायाचित्रे हटली. पण आणखी कुठे कुठे गेली, ते कोणाला ठाऊक नाही.

आता अश्वजीतचा जप्त केलेला मोबाइलही याच फळीवर, माझ्या शेजारच्या पाकिटात आहे. एके काळी आम्हांला क्षणाची उसंत नसे. आता तो बोलत नाही, मीही बोलत नाही.

मित्रांनो, कुणाचा विश्वास मोडून आलेले चित्र तुमच्यापर्यंत पोहोचले, तर ते तुमच्यापाशीच थांबू द्या, आणि तिला 'काहून काढले' असे विचारू नका. ज्याने पाठवले, त्याला विचारा.

मला जमा करण्यापूर्वी पार्वताबाईंनी माझी काच पदराने पुसली आणि शिपायाला म्हटले, "नीट ठेवजा, भैया. माझ्या पोरीचा साक्षीदार आहे हा."