मावसभाऊ अध्यक्ष असतो तेव्हा

डॉ. लेसिएलीची बढती तीनदा पुढे ढकलली गेली होती. पहिल्यांदा वादळ आलं. ते खरंच आलं होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. दुसऱ्यांदा चर्चची परिषद आली. तिसऱ्यांदा निवड समितीचे अध्यक्ष प्राध्यापक सेमिसी यांचं पोट बिघडलं, आणि त्याच संध्याकाळी रग्बीच्या मैदानावर ते भाजलेल्या डुकराचं ताट मांडीवर घेऊन बसलेले अख्ख्या नुकुआलोफा शहराने पाहिले.

मधल्या काळात तिच्यामागून कॉलेजात लागलेला फेलेती सहयोगी प्राध्यापक झालासुद्धा. त्याचा विषय मासे. माशांना पिल्लं कशी होतात यावर तो समितीपुढे तासभर बोलला आणि अध्यक्ष मान डोलावत राहिले. लेसिएलीचा विषय म्हणजे गर्भाशयाची तपासणी आणि बाहेरच्या बेटांवरच्या बायका ती का टाळतात. आता अध्यक्ष सेमिसी म्हणजे लेसिएलीच्या सख्ख्या मावशीचा मुलगा. घोडं तिथेच पेंड खात होतं.

आमच्या टोंगात मावसभाऊ, चुलतभाऊ असे वेगळे शब्द नाहीत, सगळे भाऊच. आणि बहीण-भावाने एकमेकांसमोर असलं काही बोलायचं नाही, ऐकायचं नाही. टीव्हीवर नवरा-बायकोने नुसता हात हातात घेतला तरी भाऊ उठतो आणि डुकरांना खायला घालायला जातो. आमच्याकडची डुकरं इतकी गलेलठ्ठ का, याचं हेही एक कारण आहे.

बाकी कामांच्या बाबतीत मात्र कॉलेजने लेसिएलीला कधी ताटकळत ठेवलं नाही. निरोप समारंभाचे हार, पाहुण्यांचा चहा, परीक्षेच्या आधी रडणाऱ्या मुली, बैठकीचं इतिवृत्त, सगळं तिच्याकडे. ‘बाई आहेत, नीट करतील,’ असं म्हणून फेलेती खुर्चीत आणखी पसरायचा.

यंदा मात्र अखेरची संधी होती. वर्षअखेर भरलं नाही तर ते पदच रद्द होणार होतं. ऑकलंडहून बाहेरच्या परीक्षक डॉ. ब्रॉनविन येऊन दाखल झाल्या होत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी लेसिएली तडक सेमिसीच्या खोलीत गेली. तो उभा राहिला, दार सताड उघडलं, खिडक्याही उघडल्या आणि आमच्याकडे मान राखायला कमरेला गुंडाळतात ती चटई नीट करत टेबलाच्या पलीकडे जाऊन थांबला.

“उद्या काय? पुन्हा पोट?” तिने विचारलं.

“ताई, तू काहीही माग. गाडी माग, डुक्कर माग. नाही म्हणालो तर आई मला घरात घेणार नाही.”

“डुक्कर घेऊन वर्गात जाऊ? मला बढती पाहिजे.”

“मग तीच माग की! बहिणीने मागितल्यावर भावाला नाही म्हणता येतं का? आत्ता सही करतो. ऐकायची काय गरज आहे?”

इतक्या वर्षांचं भिजत घोंगडं एका सहीत वाळलं असतं. क्षणभर तिला मोह झाला, नाही असं नाही.

“आणि चहाच्या वेळी फेलेती काय म्हणेल? बहीण होती म्हणून झाली. मला नको तसली बढती. माझं काम ऐक. नाही आवडलं तर नाही म्हण. पण ऐकून म्हण!”

“ऐकायचं सोडून काहीही सांग ना गं.”

“मग दुसऱ्याला बसव.”

“अध्यक्ष पूर्ण प्राध्यापकच लागतो. दुसरा आहे तो मुलाकडे न्यूझीलंडला गेलाय. तो कसला परत येतोय!”

“मग तूच बस. आणि उद्या पळालास तर तुझी बहीण मेली असं समज.”

लेसिएली संतापून बाहेर पडली. लाजेचं निमित्त पुरुषांना बरं सापडतं, असं तिचं स्पष्ट मत झालं. भावाला मनातसुद्धा शिवी देता येत नाही, म्हणून घरी पोचेपर्यंत तिने फेलेतीच्या माशांना शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची खुर्ची रिकामी असणार या खात्रीनेच ती सभागृहात शिरली. सेमिसी बसलेला होता. चेहरा पांढराफटक, कमरेला घरातली सगळ्यात चांगली चटई, मयताला जाताना बांधतात ती.

“डॉक्टर लेसिएली, सुरू करा,” तो छताला म्हणाला.

तिने तोंड उघडलं. विषयाचा पहिलाच शब्द. हा शब्द ती भर बाजारात बोलली होती, पाद्र्यांपुढे बोलली होती, सिडनीत ध्वनिक्षेपकावरून अनोळखी शेकडो लोकांपुढे बोलली होती. आज समोर सेमिसी होता आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. तिने पुन्हा प्रयत्न केला. नुसतं ‘ग’ बाहेर आलं. इतकी वर्षं ती त्याला भित्रा म्हणत होती, आणि आता भित्री तीच ठरली होती. तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

“बाईंना पाणी द्या,” यंदा समितीवर बसलेला फेलेती म्हणाला. अशा वेळी तो फार प्रेमळ होतो.

डॉ. ब्रॉनविन यांनी घड्याळ पाहिलं. “उमेदवारांची तब्येत बरी नाही का?”

तेवढ्यात सेमिसी उठला. गेला, संपलं, लेसिएलीला वाटलं. पण त्याने ती अवजड खुर्ची उचलली, खिडकीकडे वळवली आणि सगळ्यांकडे पाठ करून फणसाच्या झाडाकडे तोंड करून बसला. मग लेसिएलीही वळली. भिंतीवर तिची चित्रं दिसत होती, त्या भिंतीकडे तोंड करून ती बोलू लागली.

तो शब्द निघाला. त्याच्यामागून बाकीचे सगळे निघाले. ती भिंतीला सगळं सांगत होती आणि इकडे अध्यक्षांचे कान टोमॅटोसारखे लाल होत होते. एका ठिकाणी त्याने हळूच प्रार्थनेचं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. कुणीतरी खाकरलं तेव्हा थांबला. तपासणी प्रत्यक्ष कशी करतात ते आलं, तेव्हा त्याने खिडकीचा गज गच्च धरला. पण उठला नाही.

तिचं बोलणं संपल्यावर फेलेतीने पाय लांब केले. “दोन बेटांवरचे आकडे फारच कमी दिसतात. काम घाईत उरकलं की काय?”

ती उत्तर देणार तोच खिडकीकडून आवाज आला.

“सदस्यांनी चौथा तक्ता पाहावा. त्या बेटांवर तपासणी करणारा पुरुष होता, आणि तोही नात्यातला. बायका आल्याच नाहीत. आकडा कमी आहे हाच तिथला शोध आहे. हे छापून दोन वर्षं झाली. सदस्यांनी वाचून यावं.”

फेलेतीने पाय आखडते घेतले. लेसिएली भिंतीकडेच बघत राहिली. याने वाचलं होतं! एकट्याने, दार लावून, मेल्याहून मेल्यासारखा होत, पण तक्त्यासकट सगळं वाचलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि समोर भिंत आहे याचं तिला फार बरं वाटलं.

हात वर झाले. फेलेतीचाही झाला, जरा उशिराने. अध्यक्षांनी फणसाच्या झाडाला निकाल सांगितला आणि मागच्या दाराने निघून गेले.

बाहेर डॉ. ब्रॉनविन यांनी तिला गाठलं. त्या संतापल्या होत्या.

“अभिनंदन, डॉक्टर. पण मी तक्रार करणार आहे. ते अध्यक्ष! एकदा तरी पाहिलं का त्यांनी तुमच्याकडे? सगळा वेळ पाठ! एका बाईच्या कामाचा असा अपमान मी आजवर पाहिला नाही.”

लेसिएली हसू लागली. डोळे पुसत होती आणि हसत होती.

“पाठीचं काय घेऊन बसलात, बाई,” ती म्हणाली. “बसला ना तो! शेवटपर्यंत बसला.”