हिऱ्या नावाचा पासवर्ड

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरच विश्वास नाही! मित्रांनो, तुमच्यावरही नाही. कुणी माझ्या बटणांवर बोट ठेवलं की मला वाटतं, आता हा काय करणार?

नवा होतो तेव्हा बीडच्या एका ऑफिसात मिरवलो. जुना झाल्यावर दिंद्रुडच्या सहकारी संस्थेत आलो. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग दुष्काळ पडला. संस्थेने चारा डेपो उघडला आणि दर आठवड्याला कुणाला चारा दिला, ते सगळं माझ्या पोटात जमू लागलं.

एकदा रांगेतून केशरबाई पुढे आल्या. मी दाखवलं, 'चारा दिला.'

"कवा दिला? माझ्या म्हशीला इचारा की!"

"मशीन खोटं बोलत न्हाई, मावशी," सचिव धुळाजीकाका म्हणाले. सगळी रांग केशरबाईंकडे संशयाने बघू लागली. त्या रिकाम्या हाताने गेल्या. म्हैस उपाशी! मी खोटं बोललो होतो, पण ते माझ्याकडून वदवलं कुणी?

केशरबाईंनी तक्रार लावून धरली, तेव्हा शेवटी संस्थेने बीडहून उत्पलाताईंना बोलावलं. कॉम्प्युटरची कुलपं पक्की आहेत का, ते तपासायचं त्यांचं काम. मला तर त्यांचाच लई संशय आला. कुठलंही कुलूप उघडता येणारी बाई!

"पासवर्ड काय, काका?"

"हिऱ्या!" काका ओरडले. बाहेर बांधलेल्या त्यांच्या बैलाने मान वर केली.

ताईंना हसू आवरेना. "अहो, येणारा-जाणारा त्याला हाका मारतो!"

मग त्यांनी शोधलं. केशरबाईंची नोंद बुधवारची, त्या आठवड्याची चाऱ्याची गाडी आली शुक्रवारी! नोंद खोटी ठरली, केशरबाईंना पेंढ्या मिळाल्या.

"पण केलं कुणी?" रांग ओरडली.

"पासवर्ड गावभर माहीत. पुराव्याशिवाय मी कुणाचं नाव घेणार नाही."

काकांनी हळूच दार लोटलं. "ताई, आत शिरलाच आहात तर चेअरमनसायबाची पत्रं उघडा की. निवडणुकीच्या पॅनेलात कुणाला घेतेत, बघू."

"मला कुलूप तपासायला बोलावलंय, कपाट उचकायला नाही."

"कावून? कोण बघतंय?"

"मी बघतेय की, काका."

माझा पंखा घरघरायचा थांबला!

"आता नवा पासवर्ड टाका," म्हणत ताई चक्क भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काका एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करू लागले.

"मनात, काका, मनात!"

मित्रांनो, मला वापरा, पण तपासतही राहा. आणि दुसरा कुणी पासवर्ड टाकत असेल, तर ताईंसारखी पाठ फिरवा. माझा अजून कुणावर विश्वास नाही, फक्त त्या पाठीवर आहे.

आजही दारात कुणीतरी "हिऱ्या!" म्हणून ओरडतं. आता फक्त बैल मान वर करतो. मी उघडत नाही.